एक पैरा राहिला होता

चार वर्षं झाली असतील. नाईट ड्युटी संपत आलेली, पहाटेचं टीपीआर-बीपी, म्हणजे पेशंटचा ताप, नाडी, श्वास आणि बीपी, घेऊन झालेलं, वॉर्डात जरा शांत होतं, आणि माझ्यासोबतची आजऱ्याकडची सिस्टर चार्ट भरता भरता मान वर न करताच म्हणाली, "माझी रविवारची डे तू करशील काय गं? घरात भाताची लावण लागलीया. तुझा पैरा फेडते की पुढच्या आठवड्यात."

मी हो म्हटलं, पण त्या पैरा शब्दाला माझं पेन थांबलं. कितीतरी वर्षांत तो ऐकला नव्हता, आणि ऐकला होता तो सगळा चिखलात उभं राहून, पाठीवर पावसाची खोळ घेऊन. हॉस्पिटलच्या ट्यूबलाइटखाली पहिल्यांदाच. आमच्यात ड्युटी बदलणं रोजचंच आहे, त्याला आम्ही एक्स्चेंज म्हणतो, इन्चार्ज सिस्टरकडे फॉर्म द्यायचा, दोघींच्या सह्या, झालं. ती पैरा म्हणाली आणि मला वाटलं अरे, आपण इतकी वर्षं करतोय त्याला नाव होतं की आपल्याकडं.

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आज मी तुझ्या रानात राबते, उद्या तू माझ्या रानात ये. पैसे नाहीत, दिवसाला दिवस. आमच्या कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या भाताच्या पट्ट्यात, म्हणजे राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, पन्हाळा, आजरा या बाजूला घरोघरी हा शब्द असायचा, सांगली-साताऱ्याकडंही ऐकलाय. पैऱ्यानं जायचं, पैरा घालायचा, पैरा फिटला, आणि जे येतात ते पैरेकरी. पण सगळ्यात जास्त ऐकू येणार ते पैरा फेडायचा. आपण कर्ज फेडतो, नवस फेडतो, आईबापाचे पांग फेडतो आणि त्याच रांगेत पैरा फेडतो. कुणी आपल्यासाठी येऊन वाकलं तर ते आपल्या अंगावर राहतं आणि ते आपण उतरवायचं असतं, हे सगळं त्या एका क्रियापदात आहे.

आणि हे सगळं लावणीतच का, तर भाताला दुसरा इलाजच नाही. मेच्या शेवटाला नाहीतर जूनमध्ये तरवा, म्हणजे रोपांचा वाफा, टाकायचा, तीन-चार आठवड्यांत रोप लावणीला येतं, आणि त्यापुढं ते आपल्यासाठी थांबत नाही, जुनं झालं की फुटवे कमी येतात आणि पीक मार खातं. तिकडं खाचरात पाणी साठायला पाऊस पाहिजे. पाणी साठलं की चिखल करायचा, आणि चिखल एकदा केला की तो तसाच ठेवून जमत नाही, खाली बसतो, घट्ट होतो, मग बोट आत जात नाही. म्हणजे ज्या दिवशी औत फिरलं त्या दिवशी रोप आत गेलंच पाहिजे. आमचं ओढ्याकडचं खाचर वीस गुंठ्यांचं. आजी आणि आई दोघीच लावत बसल्या असत्या तर चार-पाच दिवस गेले असते आणि तोवर अर्ध्या चिखलाचा दगड झाला असता. दहा-बारा बायका आल्या की संध्याकाळी गुरं घरला यायच्या आत सगळं हिरवं. गावात सगळ्यांचीच लावण त्याच पंधरा दिवसांत येते, मजुरीला माणूस आणायचा तर आणायचा कुठून, ज्याला आणायचं त्याचंही खाचर वाट बघत असतंच ना. म्हणून आज हिचं, उद्या तिचं, परवा आपलं.

तो दिवस मला अजून हाताला आठवतो. सकाळी तरव्यातून रोप उपटायचं, मुळांचा चिखल पाण्यात खळखळ हलवून धुवायचा, मुठी बांधायच्या, त्या खाचरात ठिकठिकाणी फेकून ठेवायच्या. मग सगळ्या बायका एका ओळीत, प्रत्येकीनं आपापली पात धरायची, डाव्या हातात मूठ, उजव्या हातानं तीन-चार काड्यांचा चिमटा चिखलात रोवायचा आणि मागं मागं सरकायचं. लावणीत पुढं बघून चालताच येत नाही, आपण केलेलं तेवढं समोर दिसत राहतं. एखादी मागं राहिली, तिचं दूध पितं पोर रडलं म्हणून ती बांधावर गेली, तर दोन्ही बाजूच्या बायका न बोलता तिच्या पातीतल्या दोन-दोन ओळी आपल्यात घ्यायच्या. ती परत येईपर्यंत तिची पात बाकीच्यांच्या बरोबरीला असायची. हे मी कितीतरी वेळा बघितलंय आणि एकदाही त्यावर कुणी काही बोललेलं ऐकलं नाही. गाणी असायची, गप्पा असायच्या, पाऊस तर असायचाच, खोळीवर त्याचा एवढा आवाज की ओरडून बोलावं लागायचं. भाकरी जिची तिनं बांधून आणायची आणि कोरड्यास, आमटी, चहा ज्याचं रान त्याच्या घरचं, आमच्या गावात असं होतं. आजी पैरेकरणींसाठी वाटाण्याची उसळ करायची आणि तेलाचा हात त्या दिवशी जरा सैल असायचा.

माझा पैरा सातवीपर्यंत अर्धा धरायचे. म्हणजे मी आणि शेजारची मैत्रीण मिळून एक बाई. आठवीच्या पावसाळ्यात एका काकूंच्या रानातून परत येताना आजी आईला म्हणाली, "हिचा आख्खा धरलाय गं त्येंनी." एवढंच. मला त्या रात्री झोप येईना. पुढं नर्सिंगला पास झाल्यावर पेढे वाटले, कॅप घातली, फोटो काढले, सगळं झालं, पण मोठं झाल्याचं जे वाटायला पाहिजे ते मला त्या संध्याकाळी वाटलेलं, बांधावरून, हाताच्या बोटांची कातडी पांढरी पडलेली असताना.

आजी शाळेत गेलेली नव्हती. तिचा हिशोब सगळा तोंडी. कुणाच्या घरची सून मागच्या साली बाळंत होती म्हणून त्यांचे दोन राहिलेत, कुणाकडं आपण एक जास्तीचा घातलाय तो भांगलणीला, म्हणजे तण काढायला, वळता करायचा, बैलजोडीसकट माणूस आला तर त्याचे तीन दिवस धरायचे, हे ती अंगणात बसून बोटांच्या पेरांवर सांगायची. कॉलेजात असताना मला हे मोजणं आवडायचं नाही. एवढी जवळची माणसं आणि त्यात दिवस काय मोजायचे असं वाटायचं. आता कळतं की मोजत होते म्हणूनच ते टिकलं. आमच्या आळीत एक विधवा काकी होत्या, रान सगळं मिळून पाचच गुंठे. त्या आमच्याकडं एक दिवस यायच्या. त्यांच्या पाच गुंठ्यांना आमच्या आठ-दहा जणींचा एक दिवस कशाला लागतोय, दोन-तीन तासांत संपायचं. पण म्हणून आजी त्यांचा दिवस कमी धरायची नाही. राहिलेला दिवस भांगलणीत द्यायचा, मळणीला द्यायचा, तेही झालं तर त्यांच्या शेणी थापून द्यायच्या, पण द्यायचाच. त्यामुळं त्या काकी आमच्या दारात कधी मान खाली घालून आल्या नाहीत. हक्कानं यायच्या आणि उंबऱ्यातूनच विचारायच्या, "माझा एक राहिलाय न्हवं, कधी येताय?" मदत म्हणून दिलं असतं तर हा आवाज त्यांना काढता आला नसता.

अशा कामाला जागोजागी वेगळी नावं आहेत आणि प्रत्येक नावात त्या मातीचं काम दिसतं. कोकणात सावड. एका घरात एकच बैल असला तर दोन घरांनी मिळून जोडी करायची, आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. देशावरच्या काळ्या जमिनीत नांगराला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या लागायच्या, एवढे बैल एका घरात कुठले, म्हणून तिकडं इर्जिक, गावातली औतं एका दिवशी एकाच्या रानात, आणि संध्याकाळी त्याच्या घरी सगळ्यांना जेवण. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळ्यांची पडकई, उतारावर बांध घालून भाताची खाचरं काढायची तर एका घराच्या हातांनी डोंगर हलत नाही. सातपुड्यात भिल्ल-पावरा लोकांत लाह. आमच्या इथं एक नेपाळी वॉचमन होते, त्यांना एकदा मी पैरा समजावून सांगत होते तर ते मधेच म्हणाले, आमच्याकडं याला पर्म म्हणतात आणि तेही भात लावायलाच. मला फार बरं वाटलं ते ऐकून, जिथं डोंगर आणि भात तिथं हे असणारच.

सावड वरून एक सांगायचं राहिलं. आमच्याकडं माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी सावडायला जातात, राख गोळा करायला. शब्दांचे जाणकार हे दोन एकाच मुळाचे म्हणतील की वेगळे, तो त्यांचा विषय, पण माझ्या कानाला ते एकच वाटतात. दोन्हीकडं एकट्यानं जायचं नसतं.

आता रोजच्या बोलण्यात या सगळ्याला आपण सहकार म्हणतो, सहकार्य म्हणतो. सहकार हा माझ्यासाठी लहान शब्द नाही हे आधीच सांगते. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला, मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा केला, १९५० च्या हंगामात तो सुरू झाला, आणि आमच्या जिल्ह्यात १९६३ ला गोकुळ दूध संघ. माझी नर्सिंगची फी दुधाच्या बिलातून गेलीय. पहाटे किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभी राहिलेली मी आहे, दोन म्हशीवाला आणि दहा म्हशीवाला दोघांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं जाताना बघितलंय, आणि त्यात मला पैराच दिसायचा. पण शब्द म्हणून आज तो कुठं राहिलाय बघा. गावात कुणी म्हणालं की "ते सहकारात आहेत" तर आपण समजतो इलेक्शनबद्दल चाललंय. रस्ता खोदलेला असतो तिथं बोर्ड असतो, नागरिकांनी सहकार्य करावे, म्हणजे गैरसोय सोसा. पाणी येणार नाही, सहकार्य करावे. माझे सगळे सहकारी हे वाक्य रिटायरमेंटच्या प्रत्येक भाषणात असतं. वाईट काही नाही त्यात, पण एवढ्या ठिकाणी वापरून वापरून त्या शब्दातले हात निघून गेलेत असं मला मनापासून वाटतं. पैरा म्हटलं की कुणीतरी विचारणारच, कधी येतेस. सहकार्य म्हटल्यावर तसं कुणी विचारत नाही.

आणि श्रमदान. २०१८ साली आम्ही काहीजणी सुट्टी टाकून माण तालुक्यात गेलो होतो, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेचं, काम चाललं होतं तेव्हा. मे महिना, पहाटे सहाला चर खणायला सुरुवात, टिकाव, फावडं, घमेली, माणसांची साखळी. असा आनंद फार कमी वेळा मिळतो, खरंच सांगते. परत निघताना तिथल्या एका मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमचं गाव कुठलं? तिथं काय काम निघालं तर सांगा, आमी येतो दहा-बारा जणी." मी म्हटलं नको हो मावशी, आम्ही हे असंच केलं. त्यांचा चेहरा जरा उतरला. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चुकले. आम्ही दान देऊन निघालो होतो आणि त्यांना ते दान नको होतं, त्यांना ते फेडायचं होतं. मी नुसतं गावाचं नाव सांगितलं असतं, या म्हटलं असतं, तर त्या आल्या असत्या की नसत्या हा पुढचा भाग, पण आमची बरोबरी झाली असती. अजून ती मावशी आठवली की वाईट वाटतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टाळली तर ते खोटं होईल. आमच्या गावच्या पैऱ्यात सगळं गाव नव्हतं. भावकी होती, शेजार होता, रान असलेली घरं होती. वेशीपलीकडच्या बायका लावणीला यायच्या त्या रोजगारानं, आणि जेवायला बांधाच्या दुसऱ्या अंगाला बसायच्या. मी लहानपणी आजीला विचारलं, त्यांचा पैरा का नाही? आजी म्हणाली, "त्येंच्याकडं रान कुठं हाय फेडायला?" तिला ते उत्तर पुरलं, मलाही तेव्हा पुरलं. मोठी झाल्यावर पुढचा प्रश्न पडला, की रान का नाही. त्या घरांच्या आधीच्या पिढ्यांनी गावाचं काम केलंच होतं की, वतनाच्या नावाखाली, हाक येईल तेव्हा, रात्री-अपरात्री. त्याला वेठ म्हणतात. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ ला महार वतनं बंद केली, तिकडं मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेबांनी १९२८ ला वतनाविरुद्ध बिल मांडलं, आणि मुंबई राज्यात कायद्यानं ती वतनं जायला १९५८ उजाडलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एका बाजूनं दिवस जात राहिले आणि ते कुणी फेडलेच नाहीत. पेरांवर सगळ्या गावाचे दिवस मोजणाऱ्या माझ्या आजीच्या हिशोबात हे दिवस नव्हते. तिच्यावर माझं फार प्रेम आहे आणि तरी हे मला बोचतं.

आईनं मात्र एक केलं. रोजगाराला येणाऱ्यांतल्या एका मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं, घराच्या भिंती लिंपायच्या होत्या, हाताशी कुणी नाही. आई सकाळी पाटी घेऊन गेली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या भिंती लिंपून आली, तिथंच जेवली. आळीत चार दिवस कुजबूज झाली. पुढच्या लावणीला त्या मावशी आल्या तेव्हा आईनं पैसे पुढं केले तर म्हणाल्या, "आजचा नको वैनी, आजचा पैरा." आई त्या दिवशी त्यांच्या शेजारची पात धरून लावत होती. जमीन नसलेल्या घरातही भिंती असतात, कौलं असतात, बाळंतपण असतं, हे आजीला सुचलं नव्हतं, आईला सुचलं.

आता गावात पैरा फारसा उरलेला नाही. खाली ऊस आला, वर पोरं पुण्या-मुंबईला, चिखल पॉवर टिलरनं होतो, तो तासावर मिळतो, आणि लावण उक्ती देतात. दुसरीकडच्या टोळ्या येतात, अंगावर काम घेतात आणि संपवून पुढच्या गावाला जातात. उक्त्यानं काम लवकर होतं, त्या माणसांना दोन पैसे मिळतात, त्यांचं घर चालतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त काम संपलं की तिथंच संपतं, पुढच्या साली कुणाकडं जायचंय हे कुणाला आठवावं लागत नाही.

गेल्या वर्षी जुलैत आजी गेली. ऐन लावणीत. तरवा महिन्याचा होऊन गेलेला, पाऊस लागलेला, चिखल उद्या करू म्हणून ठरलेलं आणि पहाटे ती गेली. दोन दिवस घरात चूल नव्हती, शेजारच्या घरांतून कडू घास येत होता. तिसऱ्या दिवशी सावडून ओढ्याच्या वाटेनं परत येताना बाबा एकदम थांबले. आमचं वीस गुंठ्यांचं खाचर लावून झालेलं होतं. सगळं. बांधाकडच्या ओळीसुद्धा सरळ. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, टिलर कुणी आणला त्याचे पैसे कुणी दिले काही माहीत नाही. आई तिथंच बांधावर खाली बसली.

दहावं-बारावं झाल्यावर आईनं चौकशी करून करून नावं काढली. अकरा जणी होत्या. पाच गुंठेवाल्या काकी आता थकल्यात, त्यांची सून होती. भिंती लिंपलेल्या मावशी होत्या आणि त्यांची ती लग्न झालेली मुलगी माहेरी आलेली तीही होती. आईनं कालनिर्णयच्या मागच्या बाजूला नावं लिहिली आणि एकेक खोडत गेली, भांगलणीला, कापणीला, मळणीला, एका घरी नुसत्या शेवया करायला. दिवाळीपर्यंत दहा फिटले. राहिला तो त्या मुलीचा. ती सासरी निघून गेलेली, पन्हाळ्याच्या पलीकडं, आणि आईचे गुडघे आता चिखलात टिकत नाहीत.

यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला की त्या मुलीच्या सासरी गुरुवारी लावण आहे, आपण जायला पाहिजे. आपण म्हणजे मी. मला गुरुवारी डे होती, स्टाफ कमी, रजा मिळायची शक्यता नव्हती. आजऱ्याकडच्या सिस्टरनं न विचारता फॉर्म पुढं ओढला आणि सही केली.

बऱ्याच वर्षांनी चिखलात उतरले. पहिला तासभर हात चालेना, माझी पात मागं पडत होती, आणि मान वर करून बघते तर डावीकडच्या बाईनं माझ्या दोन ओळी आपल्यात घेतलेल्या. ती मला ओळखतही नव्हती. दुपारी बांधावर बसलो तेव्हा त्या मुलीनं माझ्या भाकरीवर कोरड्यास वाढलं, तेलाचा तवंग आलेलं, आणि म्हणाली, "ताई, आता फिटला बरं का तुमचा." संध्याकाळी एसटीत बसल्यावर आईला फोन करून सांगितलं, तिनं थांब म्हटलं, पेन शोधल्याचा आवाज आला.

आजऱ्याच्या सिस्टरची एक डे माझ्याकडं आहे. तिला गणपतीत लागणार आहे, दुसऱ्या दिवशीची, तिनं आत्ताच सांगून ठेवलंय.